कोणीतरी म्हणजे कोण?

मंगळवार, ३ मार्च

मला काठी दिली! विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ हातात काठी. आणि पाठ अशी वाकवली की नाक गुडघ्याला लागेल.

नात संध्याकाळी आली ती तिचा कॉम्प्युटर घेऊन. मी मटार सोलत होते, तर टेबलावरचे मटार बाजूला सारून तो मधोमध ठेवला. पडद्यावर एक घर. नीट बघितलं तर माझंच! दोन खोल्या, न्हाणीघर, दाराशी चपलांची फळी. आणि त्यात एक जांभळी म्हातारी काठी टेकत, पाय ओढत चाललेली.

"आजी, ही तू."

"मी? अगं, परवा बटाट्यांची पिशवी घेऊन तिसरा मजला चढले. मधे एकदाही टेकले नाही."

"आजी, ते नुसतं चित्र आहे."

"चित्र फुकटचं आहे ना? मग सरळ काढ की."

खूप भांडल्यावर काठी गेली. पाठ तशीच. म्हणे पाठ सरळ करायला वेळ लागतो. माझी इतकी वर्षं आपोआपच सरळ राहिली वाटतं!

बुधवार, ४ मार्च

काल रागात काठीचंच लिहिलं. मुद्द्याचं राहिलं.

गेल्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरला. मोडलं काही नाही. हाका मारल्या, पण समोरचा शिंपी ठार बहिरा, वर त्याचं मशीन चालू. शेवटी बादलीला धरून माझी मीच उठले. कोणाला कळलंही नसतं, पण कोपर काळंनिळं झालं आणि ते आमच्या चिरंजीवांना दिसलं.

झालं! "आई, आता एकटं राहणं बंद. आमच्याकडे चल."

आमच्याकडे म्हणजे दोन गल्ल्या सोडून. तिथे स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे. तिच्यात इस्त्रीचं टेबल, बंद पडलेली व्यायामाची सायकल आणि तुटक्या खुर्च्या. त्यांच्यात आता मी. सूनबाई तिथेच बसली होती, काही बोलली नाही. ती कधीच बोलत नाही. तिची गप्प बसण्याचीच भाषा आहे, आणि ती मला अजून आली नाही.

मी म्हटलं, येणार नाही. चिरंजीव म्हणाले, यावंच लागेल. नात मधे पडली. तिच्या ऑफिसात एक यंत्र बनतंय. गळ्यात घालायचं, साबणाच्या वडीएवढं. म्हातारं माणूस पडलं की त्याला कळतं, आणि घरच्यांच्या मोबाइलवर घंटा वाजते. ते महिन्याअखेरपर्यंत ऑफिसच्या तपासणीत पास झालं तर मी इथे राहायचं. नापास झालं तर इस्त्रीच्या टेबलाशेजारी. चिरंजीवांनी हातावर हात मारून कबूल केलंय.

म्हणजे माझं घर त्या वडीच्या भरवशावर. मी तिला लोढणं म्हणते. नातीला आवडत नाही.

शुक्रवार, ६ मार्च

आज यंत्राचे नियम बघितले. नात छापून घेऊन आली होती. एक अक्षर ओळखीचं असेल तर शपथ! इंग्रजी ए आहे, पण वटवाघळासारखा उलटा टांगलेला. ई आहे, तो भिंतीकडे तोंड करून उभा.

"उलटा ए म्हणजे 'प्रत्येक'," नात म्हणाली. "पाठमोरा ई म्हणजे 'कोणीतरी'. हा बघ मुख्य नियम. प्रत्येक घंटेसाठी कोणीतरी असा आहे, जो ती घंटा पाहतो."

"मग असंच लिहायचं ना. अक्षरांना शिक्षा कशाला?"

तर म्हणाली, बोलण्याच्या भाषेत एकाचे दोन अर्थ निघतात, ह्यात एकच निघतो. मग कॉम्प्युटर सगळे नियम ताडून बघतो. एक नियम दुसऱ्याचे पाय ओढत नाही ना, कुठे भोक राहिलं नाही ना. सगळं ताडून झालंय, म्हणे, एकही चूक नाही.

"मग झालं की! करा पास."

"तसं नाही ना आजी. नियम एकमेकांशी जुळतात, एवढंच कळलं. आपल्याला जे हवं होतं तेच लिहिलंय का, ते कॉम्प्युटरला कसं कळणार? म्हणून प्रसंग घ्यायचे. आजी पडली, आजीने लोढणं काढून ठेवलं—"

"आता तूही लोढणं म्हणालीस!"

"—यंत्र काढून ठेवलं, वगैरे. आणि तो प्रसंग चित्रात चालवून बघायचा. नियमाप्रमाणे काय होतं ते डोळ्यांनी दिसतं."

हे मला पटलं. शिंप्याने एकदा मला कोट शिवून दिला होता. शिलाई काय सुरेख! पण बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. अंगात घातल्यावर कळलं. तसं बोलले, तर नात टाळी देऊन म्हणाली, "अगदी हेच!" उद्या साहेबाला सांगेल, स्वतःचं म्हणून.

सोमवार, ९ मार्च

नात प्रसंग गोळा करते आहे. मी सांगायचं, तिने टिपायचं, मग ती जांभळी तसं करून दाखवते.

पहिला सांगितला तो चपलेचा. पलंगाखाली चप्पल जाते, ती काढायला मी पालथी पडते. चित्रात चालवलं, तर यंत्राला वाटलं मी पडले! घंटांचा नुसता गदारोळ. चित्रातले चिरंजीव कारखान्यातून, चित्रातली सूनबाई घरातून, सगळे मोबाइल हातात घेऊन उभे, आणि मी चप्पल घेऊन बाहेर. नात खूश. लगेच नियम सुधारला. पडल्यावर यंत्र आधी मलाच विचारणार, बरी आहेस का?

मग मला चेव चढला. चोर शिरतो. छत कोसळतं. शिंप्याच्या दुकानाला आग लागते आणि मी त्याला खांद्यावर घालून—

"आजी, पुरे! हा सिनेमा नाहीये."

माझे अर्धे प्रसंग खोडले. चांगले होते.

मंगळवार, १० मार्च

नातीने आणून दिलेलं लोढणं दिवसभर घालून बसले. तीनदा विचारलं, बरी आहेस का. शिंकेलाही विचारतं! सख्खं माणूस इतकं विचारत नाही.

शुक्रवार, १३ मार्च

आज नातीच्या ऑफिसात गेले. चिरंजीवांनी सोडलं, आणि "बघू काय होतं ते" असं म्हणून गेले. आवाजात आशा होती. नापासाची.

ऑफिस म्हणजे काचेच्या खोल्या. माणसं मत्स्यालयातल्यासारखी इकडून तिकडे. चष्मेवाला साहेब भला माणूस वाटला, "आजी, खुर्ची मऊ आहे ना?" म्हणाला. भिंतीएवढा पडदा. आणखी चारपाच जण हातात कागद घेऊन बसलेले.

प्रसंग साधा होता. आजी न्हाणीघरात पडते, आणि उठत नाही.

चालवलं. जांभळी गेली, घसरली, आडवी झाली. यंत्राने विचारलं, बरी आहेस का? ती गप्प. मग घंटा. चार मोबाइल एकदम वाजले. चिरंजीवांचा कारखान्यात, सूनबाईचा घरी, नातीचा ऑफिसात आणि लेकीचा तिच्या गावी, ती इथून आगगाडीने एक दिवस लांब. चिरंजीवांच्या बाहुल्याने मोबाइल बघितला, बोट लावलं. हिरवी खूण आली. 'पाहिलं.'

ती खूण आली आणि बाकी तिघांच्या घंटा बंद झाल्या. चिरंजीवांनी मोबाइल खिशात टाकला, आपल्या कामाकडे वळले. सूनबाई पातेल्याकडे वळली. नात खुर्चीत बसली. पडद्याखाली मोठ्या हिरव्या अक्षरांत आलं, 'सर्व नियम पाळले गेले.'

आणि मी तिथेच! फरशीवर.

कोणी चित्र थांबवलं नाही. चित्रातली सावली सरकली. चिरंजीवांची पाळी संपली. घरी आले, हात धुतले, दिवे लागले, सगळे जेवायला बसले. एकमेकांना वाढतायत. मी न्हाणीघरात आडवी.

"अहो, उचला की मला कोणीतरी!" मी ओरडले.

मला वाटलं हसतील. कोणी हसलं नाही. नातीचा चेहरा पांढरा पडला होता.

"कोणीतरी पाहिलं की घंटा बंद, असा नियम आहे," ती हळू म्हणाली. "त्यांनी पाहिलं. म्हणजे नियम बरोबर पाळला."

साहेबाने चष्मा काढून पुसला. "मग येणार कोण?"

"ते... ते लिहिलंच नाही आपण. पाहिलं की माणूस येणारच ना, सर. मी धरूनच चालले."

पाहिल्यावर माणूस येतंच, असं धरून चालली! इतक्या उलट्यासुलट्या अक्षरांत हे एवढंच राहून गेलं. आणि साहेबही तसाच, तपासणारेही तसेच. सगळे भल्या घरांतले दिसतात.

निघताना साहेब दारापर्यंत आला. "आजी, चित्रात पडलात ते बरं झालं."

"पुढच्या खेपेला चित्रात तुम्ही पडा," म्हटलं. "बघू कोण येतंय."

शनिवार, १४ मार्च

यंत्र नापास. सध्यापुरतं.

चिरंजीव सकाळी खोकी घेऊन हजर! रिकामी खोकी, दुकानातून मागून आणलेली. इतका वेळेवर तो शाळेत कधी गेला नाही.

मी म्हटलं, चित्रात तू मला पडलेली बघितलंस आणि मोबाइल खिशात टाकून कामाला लागलास.

"आई, तो मी नव्हतो! ते चित्र होतं."

"तू असतास तर आला असतास?"

"म्हणजे काय! अर्थात!" मग हातातलं खोकं खाली ठेवून म्हणाला, "पाळी सुटल्यावर."

तो प्रामाणिक आहे, एवढं खरं. खोकी ठेवून घेतली. कांद्यांना बरी आहेत.

सोमवार, १६ मार्च

नात दोन दिवस बसून जेवली नाही, असं कळलं. उभ्या उभ्या खाते आणि नियम लिहिते. फोन केला, म्हटलं बसून जेव, मी काही आजच पडत नाही.

मंगळवार, १७ मार्च

आज सगळी वरात माझ्याकडे. चिरंजीव, सूनबाई, नात. शिंपी चहाचा वास घेऊन आपला आपणच आला.

नवा नियम असा. 'पाहिलं' ह्याला काडीची किंमत नाही. ज्याने घंटा घेतली त्याने 'निघालो' म्हणायचं. नुसतं म्हणून भागत नाही, त्याने येऊन माझ्या गळ्यातलं बटण दाबलं तरच घंटा थांबणार. तोवर बोंब चालू. आणि पाठमोऱ्या ई ला हाकलून दिलंय. 'कोणीतरी' चालणार नाही, नाव हवं. त्या माणसाने स्वतः हो म्हटलेलं हवं.

"तर मग," नात म्हणाली, "आजीसाठी पहिलं नाव कोणाचं?"

सगळ्यांना आपापला कप फार आवडला.

"माझंच घाल," चिरंजीव म्हणाले. "म्हणजे पाळीवर असलो की मोबाइल कपाटात ठेवावा लागतो. पण घाल."

"बाबा, चित्रात तर तो खिशात होता! कपाटातला मोबाइल आजीला कसा उचलणार?"

लेकीला फोन लावला. "मला कधीही बोलवा! अर्ध्या रात्रीही बोलवा!" किती गोड बोलते. येईपर्यंत दुसरा दिवस उजाडेल.

शिंपी छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझं नाव लिहा. मी शेजारी आहे." नातीने विचारलं, काका, घंटा ऐकू येईल ना? तर म्हणाला, "नको, साखर नको."

हसून हसून ठसका लागला मला. लोढण्याने लगेच विचारलं, बरी आहेस का!

तेवढ्यात सूनबाई बोलली. "माझं घाला." सगळे वळून बघायला लागले, तशी म्हणाली, "दोन गल्ल्या तर आहेत."

नातीने लगेच चित्र चालवलं. मी पडले. घंटा. सूनबाईच्या बाहुलीने आधी गॅस बंद केला (हे मला आवडलं), चपला घातल्या, निघाली. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, जिना. माझ्या दाराशी आली.

आणि उभी राहिली.

उभीच. आत मी आडवी, बाहेर ती उभी, मधे दार. घंटा वाजतेय.

"आजी," नातीने विचारलं, "तुझ्या घराची किल्ली कोणाकोणाकडे आहे?"

कोणाकडेच नाही. मी दिलेली नाही.

"मी कितीदा मागितली!" चिरंजीव म्हणाले. ते खरं आहे.

मी म्हटलं, चित्रातलं दार चुकलंय. नात म्हणाली, तूच सांगितलंस तसं काढलंय. कुलूप, आणि वर आतून कडी. मी म्हटलं, मग लाथ मारायची दाराला. शिंपी म्हणाला, "दार चांगलं आहे, सागवानी आहे."

सूनबाई माझ्याकडे बघत होती. "मी नुसती दारात उभी राहून काय करू, आई?"

मी म्हटलं, चहा निवतोय, पिऊन घ्या आणि निघा. सगळ्यांना घालवून दिलं. कडी लावली.

बुधवार, १८ मार्च

किल्ली दिली की घर दिलं. उद्या मी बाजारात गेले की ती येणार, माझे डबे पुसणार, जुने टाकणार, वास येतो म्हणणार. मी सासरी आले तेव्हा माझी पेटी माझ्या आधी सगळ्यांनी उघडून बघितली होती. पहिल्यांदा दाराला आतून कडी लावता आली, ती ह्या घरात.

पण किल्ली दिली नाही तर सबंध घरच जातं. नियम आता तसाच आहे, येणाऱ्याला आत येता आलं पाहिजे. चित्रात दुसरं दार काढता येतं का, म्हणून नातीला फोन केला. "आजी, चित्रात काढते. तुझ्या भिंतीला कोण काढणार?" म्हणाली. आगाऊ झालीय.

जिन्यात शिंपी भेटला. त्याला वाटतं तो कुजबुजतो. "द्या की किल्ली! सून चांगली आहे तुमची!" चारही मजल्यांनी ऐकलं.

गुरुवार, १९ मार्च

कुलूपवाल्याला बोलावलं. दुसरी किल्ली करून घेतली आणि आतली कडी काढायला लावली. तो म्हणाला, "आजी, कडी काढू नका, चोराचं फावेल." म्हटलं, येऊ दे. आला की आधी मला उचलायचं आणि मग काय न्यायचं ते ने म्हणावं.

मग चालत सूनबाईकडे गेले. फोन न करता. ती उशांना अभ्रे घालत होती. किल्ली टेबलावर ठेवली.

"घंटा वाजली तरच यायचं. एरवी दार वाजवायचं. आणि माझ्या डब्यांना हात लावायचा नाही."

किल्ली उचलून तिने आपल्या जुडग्यात ओवली. "डब्यांना कशाला हात लावू, आई. त्यांची झाकणं मला उघडतच नाहीत. दरवेळी साखरेसाठी तुम्हाला हाक मारते, ती काय हौस म्हणून?"

मला हसू आलं. तीही हसली. उचकी लागल्यासारखी हसते ती. इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं.

शुक्रवार, २० मार्च

पास! चष्मेवाल्या साहेबाने स्वतः फोन केला. चित्रात सूनबाई आली, दार उघडलं, बटण दाबलं, मला उठवून बसवलं. माझ्या पाठोपाठ बाकीच्या घरांचेही प्रसंग चालवले. जिथे 'येतो' म्हणणारं माणूसच नाही तिथे आता यंत्र हिरवं होत नाही, लाल होऊन विचारत राहतं, कोण येणार?

चिरंजीव म्हणाले, "हरलो. राहा तुझ्या घरात." तोंड पाडून म्हणाले, पण खोकी परत मागितली, म्हणजे मनापासून असावं. दिली नाहीत. कांदे आहेत त्यांत.

नात म्हणते, सोमवारी एकदा खरोखरचं करून बघू. म्हणजे चित्र नाही, मी. सूनबाईला वेळ सांगायची नाही. मी न्हाणीघरात आडवी होणार, पण खाली सतरंजी घालणार. थंड फरशीवर चित्रातलीने झोपावं.

सोमवार, २३ मार्च

दुपारी आडवी झाले, घंटा लावली. सूनबाई धावत आली. दार उघडलं, बटण दाबलं, सगळं नियमाप्रमाणे. मग दाराची चौकट धरली आणि मटकन माझ्या शेजारी सतरंजीवर बसली. ओठ पांढरे.

"अगं, मला उचलायला आलीस की माझ्याबरोबर झोपायला?"

"चक्कर," म्हणाली. "येते मधूनमधून. परवा ओट्यापाशी पडले होते. बराच वेळ तशीच होते. मग उठून कुकर लावला."

"कोणाला सांगितलंस?"

"कोणाला सांगू? घरात कोण असतं दिवसभर?"

एवढी चित्रं काढली, एवढे प्रसंग चालवले, पण हिला पाडून कोणी बघितलं नाही. मीही नाही. तिला पाणी दिलं, भिंतीला टेकवून बसवलं, आणि तिथूनच नातीला फोन केला.

दुसरं लोढणं आजच आणायचं, सुनेच्या गळ्यात घालायला. तिच्या घराची एक किल्ली मला द्यायची. उद्या सकाळी चिरंजीवांनी पाळी बुडवून तिला डॉक्टरकडे न्यायचं, सबब सांगायची नाही. आणि तिची घंटा वाजली तर पहिलं नाव माझं. मी निघाले म्हटलं की मी निघाले. मी जाऊन बटण दाबेपर्यंत बाकी कोणी ती घंटा घ्यायची नाही.